सर्व्हर रूममधला प्रामाण्यवाद

नाशिकहून त्र्यंबकला जाणाऱ्या रस्त्यावर सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. महिंद्र, सिएट, एबीबी आणि आज बॉश म्हणवणारी पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून मायकोच राहिलेली कंपनी, ही तिथली मोठी नावे. सुटे भाग बनवणारे लहान-मध्यम कारखाने त्यांच्या आजूबाजूच्या प्लॉटांवर दाटीने उभे आहेत. या कारखान्यांचा व्यवहार एकेकाळी चलान, फोन आणि ओळख यांवर चाले. आज ऑर्डर पोर्टलवर येते, ड्रॉइंग सर्व्हरवरून उतरवून घ्यावे लागते, ई-वे बिल निघाल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर पडत नाही आणि पैसे नेटबँकिंगने जमा होतात. नेटवर्क बसले की डिस्पॅचही बसतो. त्यामुळे नेटवर्कच्या सुरक्षेचा विषय मालकाच्या टेबलापर्यंत आला आहे आणि त्याच्यासोबत एक सिद्धान्तही आला आहे: झिरो ट्रस्ट. कार्यालयाच्या आत असल्यामुळे कोणालाच कसला हक्क मिळत नाही. माणूस असो वा यंत्र, प्रत्येक मागणी प्रत्येक वेळी तपासायची. हे ऐकून मालक जे विचारतो ते तांत्रिक नसते. वर्षानुवर्षे सोबत असलेल्या अकाउंटंटवर, घरच्यासारख्या सुपरवायझरवर आता विश्वास ठेवायचाच नाही का? प्रश्न नीतीचा आहे आणि त्याच्या मुळाशी ज्ञानाचा प्रश्न आहे: एखादी गोष्ट खरी कधी मानावी, आपसूक की तपासून? भारतीय दर्शनांनी यावर शतकानुशतके वाद घातला आणि त्याला प्रामाण्यवाद असे नाव दिले. त्या वादाच्या उजेडात पाहिले तर तपासणी विश्वासाची जागा घेत नाही, विश्वास कुठे ठेवायचा आणि त्याला जबाबदार कोण हे ती ठरवते, असे माझे म्हणणे आहे.

आधी सिद्धान्ताची पार्श्वभूमी पाहू. १९९० च्या दशकात कंपन्यांची नेटवर्के इंटरनेटला जोडली जाऊ लागली तेव्हा बाहेरच्या धोक्यासाठी सीमेवर फायरवॉल बसवण्यात आली. सीमेच्या आत मात्र सगळे मोकळे राहिले. पुष्कळ लहान कारखान्यांत आजही तीच रचना दिसते. एकाच स्विचला अकाउंट्सचे संगणक, सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा पीसी, हजेरीचे यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि पाहुण्यांचे वायफाय जोडलेले असते. यांतल्या कोणत्याही एकात शिरकाव झाला की बाकीच्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, कारण आतून आलेली मागणी खरीच असणार असे सगळी यंत्रे गृहीत धरून चालतात. जानेवारी २०१० मध्ये गूगलने आपल्यावर झालेला हल्ला जाहीर केला आणि पुढच्या काही वर्षांत आतल्या नेटवर्कला विशेष हक्क देणेच सोडून दिले. त्याच २०१० मध्ये फॉरेस्टर या सल्लागार संस्थेतले जॉन किंडरवॅग यांनी झिरो ट्रस्टची मांडणी केली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने तिचे रीतसर विवेचन प्रसिद्ध केले. त्या विवेचनाचा गाभा एवढाच की, मागणी कुठून आली हा ती खरी असल्याचा पुरावा होत नाही.

आता जुन्या वादाकडे येऊ. वेदांना प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांचे, विशेषतः सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांचे मत असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. डोळ्यांना घडा दिसला तर घडा आहे हे मानायला आणखी कशाची गरज नाही. पहिल्या ज्ञानाला खरे ठरवायला दुसरे ज्ञान लागत असेल तर दुसऱ्याला तिसरे लागेल आणि माणूस कोणत्याही निश्चयापर्यंत पोहोचणारच नाही. न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, म्हणजे नैयायिकांचे, मत याच्या उलट. ज्ञान होणे वेगळे आणि ते खरे आहे हे कळणे वेगळे. दुरून पाणी दिसते. ते पाणी होते की मृगजळ, हे तिथे जाऊन तहान भागली की कळते. प्रामाण्य बाहेरून, परिणामांवरून किंवा कारणांच्या निर्दोषपणावरून ठरते. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशांनी तत्त्वचिंतामणीत हा वाद इतका बारकाईने मांडला की पुढच्या नव्यन्यायात तो स्वतंत्र अभ्यासविषय झाला. एका बाजूला स्वतःप्रामाण्य, दुसऱ्या बाजूला परतःप्रामाण्य. सीमेच्या आतले सगळे खरे मानणारे जुने नेटवर्क पहिल्या पक्षाच्या जवळ जाते आणि प्रत्येक मागणी तपासणारे नवे नेटवर्क दुसऱ्या पक्षाच्या, हे कोणाच्याही सहज लक्षात येईल.

पण एवढ्यावर थांबलो तर मीमांसकांवर अन्याय होईल. कुमारिलांचे स्वतःप्रामाण्य बिनशर्त नव्हते. पुढच्या ज्ञानाने आधीचे खोटे ठरले, किंवा ज्ञानाच्या कारणातच दोष सापडला, तर ते प्रामाण्य गळून पडते असे ते सांगतात. वेदांना त्यांनी कायमचे प्रमाण मानले याचे कारणही त्यांच्या दृष्टीने हेच होते: वेदांना कर्ता नाही, म्हणून कर्त्याचा दोष त्यांना लागत नाही. माणसाच्या वाक्याला कर्ता असतो; तो चुकू शकतो, बेसावध असू शकतो, मुद्दाम फसवूही शकतो. म्हणजे मीमांसेच्याच कसोटीने पाहिले तरी ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे या नव्या खात्यात भरा’ अशी वेंडरच्या नावाने आलेली मेल आपसूक खरी मानता येत नाही. न्यायदर्शनाचे उत्तर आणखी नेमके आहे. न्यायसूत्रांनी आप्ताचा उपदेश हे शब्दप्रमाण मानले, आणि आप्त कोण हे सांगताना भाष्यकार वात्स्यायनांनी ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, अशी खूण दिली. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही ते बजावतात. बोलणारा आपल्यातला की परका, यावरून त्याच्या बोलण्याचे प्रामाण्य ठरत नाही. एनआयएसटीने २०२० मध्ये यंत्रांसाठी जे मांडले त्याचा तात्त्विक गाभा दीड हजार वर्षांपूर्वी माणसांसाठी मांडून झाला होता.

आतल्या आवाजावर डोळे मिटून भरवसा ठेवल्याने काय होते, हे महाराष्ट्राने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन टप्प्यांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे काढताना कार्डाची मागणी बँकेच्या स्विचमार्फत मुख्य प्रणालीपर्यंत जाते; खात्यात शिल्लक आहे का हे पाहून तिथून होकार किंवा नकार येतो. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला आणि होकार तोच देऊ लागला. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी रोख रक्कम काढली गेली, आणि १३ तारखेला बँकांमधल्या व्यवहारांच्या स्विफ्ट प्रणालीतून सुमारे १४ कोटी हाँगकाँगमधल्या एका खात्यावर वळवण्यात आले. एटीएमांनी आपले काम बरोबरच केले होते. होकार आला, नोटा दिल्या. होकार योग्य जागेवरून आल्यासारखा दिसला, एवढ्यावरच सगळी साखळी समाधानी राहिली. नैयायिकाने इथे विचारले असते, होकार देणारा आप्त आहे हे कोणी आणि कशावरून ठरवले? शिल्लक कुठे पाहिली? हे प्रश्न यंत्रांच्या पातळीवर वेळेत विचारले गेले नाहीत. पुढे पोलीस तपास झाला, २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षाही केली. पण शिक्षा झालेले बहुतेक जण पैसे काढणाऱ्या हातांपैकी होते.

यावर पहिला आक्षेप मालकाचाच असतो: सतत तपासणे हा माणसाचा अपमान आहे. सातपूरच्याच शॉप फ्लोअरवर पाहिले तर हा आक्षेप टिकत नाही. तिथल्या प्रत्येक व्हर्निअरला, मायक्रोमीटरला, प्लग गेजला ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशनसाठी पाठवतात आणि परत आल्यावर पुढच्या तारखेचे स्टिकर लावतात. मुदत उलटलेले गेज ऑडिटमध्ये सापडले तर त्याने मोजलेला मालच शंकास्पद ठरतो. गेज तपासायला गेले म्हणून एकाही फिटरला आपल्या हातावर संशय घेतल्यासारखे वाटत नाही. उलट तपासलेले गेज हातात असले की माल रिजेक्ट झाल्यावर तो ताठ मानेने उत्तर देऊ शकतो. गेज निर्जीव आणि माणूस सजीव, असे कोणी म्हणेल. मग माणसाचेच उदाहरण घेऊ. पूर्ण विश्वासावर चालणाऱ्या कार्यालयात पैसे गहाळ झाले की पहिला संशय ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास होता त्याच्यावरच येतो, कारण चाव्या त्याच्याच हाती असतात. त्याच्याकडे स्वतःच्या प्रामाणिकपणाशिवाय कसलाही पुरावा नसतो. मोठी रक्कम भरायला दोघांची मान्यता लागत असेल, कोणी कधी काय केले याची नोंद राहत असेल, तर तोच अकाउंटंट अर्ध्या तासात मोकळा होतो. तपासणी जशी चोराच्या वाटेत आडवी येते तशी ती प्रामाणिक माणसाच्या पाठीशीही उभी राहते. ज्याला आपण आपला माणूस म्हणतो त्याला असे संरक्षण न देणे, यात आपुलकीपेक्षा हयगय जास्त आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. हा सगळा संशयवाद आपल्या परंपरेत बसत नाही, आपली परंपरा गुरूच्या शब्दावर चालते, असे म्हटले जाते. हा आक्षेप पारखायला सातपूरहून फार लांब जावे लागत नाही. याच रस्त्याच्या टोकाला, त्र्यंबकेश्वरी, निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या सातपूरवरून पुढे जातात. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर अशी ही गुरुपरंपरा आहे, आणि प्रत्येकाच्या अधिकाराला आधीच्याची साक्ष आहे. शब्दावर श्रद्धा ठेवणारी याहून मोठी परंपरा मराठी माणसाला ठाऊक नाही. पण याच परंपरेतले ज्ञानेश्वर अमृतानुभवात शिवसूत्राचा आणि श्रीकृष्णाच्या वचनाचा दाखला देऊन लगेच सांगतात की, शिवाने किंवा विष्णूने म्हटले एवढ्यासाठी आपण हे मानत नाही. त्यांनी म्हटले नसते तरी ते तसेच असते. ज्यांच्याविषयी परम आदर आहे त्यांच्या अधिकारपदाचाही ते पुरावा म्हणून वापर करत नाहीत. गीतेनेही ज्ञानाच्या वाटेवर नमस्कार आणि सेवा यांच्यामध्ये प्रश्न विचारण्याला जागा दिली आहे. श्रद्धा आणि पडताळणी यांत विरोध आहे हा समज या ग्रंथांतून आलेला नाही. तो आला आहे कार्यालयीन उतरंडीतून, जिथे ‘साहेबांनी सांगितले आहे’ एवढे म्हटले की पुढचा प्रश्न उद्धटपणा ठरतो. साहेबाच्या नावाने मेल पाठवून पैसे उकळणारे चोर नेमका याच सवयीचा फायदा घेतात.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, आणि तो कुमारिलांचाच आहे: अनवस्था. तपासणाऱ्याला कोण तपासणार? हाच बाण बौद्ध दार्शनिक नागार्जुनांनी नैयायिकांवर सोडला होता. प्रमाणांनी वस्तू सिद्ध होत असतील तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? न्यायसूत्रांनी तराजूचा दाखला देऊन उत्तर दिले. तराजू सोने तोलतो तेव्हा तो प्रमाण असतो; त्याच्याविषयी शंका आली की माहीत असलेल्या वजनाच्या सोन्याने तराजूच तपासता येतो आणि तेव्हा तो प्रमेय, म्हणजे तपासायची वस्तू, होतो. सगळे एकाच वेळी तपासावे लागत नाही, पण तपासण्यापलीकडचेही काही नसते. नेटवर्कची आजची व्यवस्था अगदी याच पायावर उभी आहे. बँकेचे संकेतस्थळ खरे आहे हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ओळखतो, त्या प्रमाणपत्रावर वरच्या संस्थेची सही असते, तिच्यावर आणखी वरच्या संस्थेची, आणि शेवटी येते मूळ प्रमाणपत्र, ज्यावर सही त्याचीच स्वतःची असते. भारतात डिजिटल सह्यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये नेमलेल्या प्रमाणन नियंत्रकाकडे असे मूळ प्रमाणपत्र आहे. म्हणजे कुमारिलांचे म्हणणे एका अर्थी खरे ठरले: साखळी कुठेतरी स्वतःप्रामाण्याशी थांबतेच.

मात्र इथे एक फरक विसरून चालणार नाही. मीमांसकांचा वेद अपौरुषेय होता. नेटवर्कचे मूळ पौरुषेय आहे. ते कोणत्यातरी कार्यालयात, कोणत्यातरी यंत्रात, कोणत्यातरी माणसांच्या ताब्यात असते. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणन संस्थेत हल्लेखोर शिरले आणि त्यांनी गूगलसह अनेक नावांची बनावट प्रमाणपत्रे काढली. इराणमधल्या लोकांची मेल चोरून वाचण्यासाठी ती वापरली गेली. ब्राउझर कंपन्यांनी त्या संस्थेला आपल्या विश्वासाच्या यादीतून काढले आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली. मुळाशी बसणाऱ्यालाही काढून टाकता येते, हेच या व्यवस्थेचे बळ आहे. सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांतही हा विचार दिसतो. सायबर घटना सहा तासांत कळवा आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवा, असे सांगतानाच त्या निर्देशांनी संगणकांची घड्याळे एनआयसीच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितले आहे. सातपूरच्या मायक्रोमीटरचा माग काढत गेले तर तोही वरच्या प्रयोगशाळांमधून याच राष्ट्रीय प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो. लांबीचे माप असो की लॉगमधला क्षण, शेवटचा आधार नाव असलेला, पत्ता असलेला आणि जाब विचारता येणारा असावा लागतो.

तपासणीला मर्यादाही आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा हल्ला युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. अपडेट अधिकृत सर्व्हरवरूनच आले होते. पाठवणाऱ्याच्या घरात आधीच चोर बसला होता. त्या हल्ल्याने मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम अडकले. नंतर मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. ओळख खरी निघाली, आशय घातक. वात्स्यायनांनी आप्ताला दोन अटी घातल्या होत्या, जाणकारी आणि खरे सांगण्याची इच्छा. यंत्र ओळख पडताळू शकते, मागणी नेहमीपेक्षा वेगळी आहे हे हेरू शकते, पण हेतू त्याला दिसत नाही. म्हणून झिरो ट्रस्टचे परवाने विकत घेतले की माणसांवरच्या विश्वासाची गरज संपली, असे विक्रेता सांगत असेल तर तो चुकतो आहे. काहीतरी विचित्र दिसले की न घाबरता वर कळवणारा ऑपरेटर हवाच, आणि चूक कबूल करणाऱ्याला ओरडा बसणार नाही असे वातावरणही हवे. असा विश्वास विकत मिळत नाही. तो वागणुकीतून तयार होतो.

उरतो शेवटचा आक्षेप, कामगारांच्या बाजूचा: तपासणीच्या नावाखाली पाळत येईल. ही भीती रास्त आहे. मागणी तपासणे आणि माणसावर नजर ठेवणे यांतली रेघ पुसट असते. कोणत्या फाइलला कोणी हात लावला याची नोंद ठेवता ठेवता कोण किती वेळ जागेवर नव्हते याची नोंद होऊ लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मालकालाही काही बंधने घातली आहेत, पण कायद्याआधी विवेकाची कसोटी लावता येते. जी तपासणी खालच्याला लागू होते ती वरच्याला लागू होते का? ऑपरेटरला दोनदा ओळख पटवावी लागते आणि मालकाच्या लॅपटॉपला सगळे खुले असते, सिस्टीम सांभाळणाऱ्याच्या कामाची नोंद कोणीच पाहत नाही, संचालकाच्या डिजिटल सहीचा डोंगल अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये पासवर्डच्या चिठ्ठीसकट पडलेला असतो, अशा ठिकाणी तपासणी नीती उरत नाही, ती फक्त सत्ता होते. असे सोडलेले वरचे दार चोराच्याही सर्वांत सोयीचे असते, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा सातपूरच्या, अंबडच्या किंवा कुठल्याही वसाहतीतल्या मालकाला सांगायचे ते इतकेच. माणसांवर विश्वास जरूर ठेवा, पण त्यांच्या नावाने आलेल्या मागणीवर ती तपासल्याशिवाय नको. बँक खाते बदलल्याची मेल आली तर आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. शॉप फ्लोअरचे नेटवर्क अकाउंट्सपासून वेगळे करा. आणि तपासणीच्या यादीत पहिले नाव स्वतःचे लिहा. आपला डोंगल ड्रॉवरमधून काढून आपल्याकडे ठेवा. आपल्या आदेशालाही दुसऱ्याची मान्यता लागेल असा नियम करा. आणि तो नियम दाखवून एखाद्या कनिष्ठाने आपल्याला अडवले तर त्याची पाठ थोपटा. ज्या कारखान्यात मालकालाही थांबवून विचारता येते, तिथेच विश्वास ठेवण्याजोगी व्यवस्था आहे असे म्हणता येईल.